मोठ्या ग्राहकाने कार्बनचा तक्ता पाठवलाय. छोट्या फाउंड्रीने काय आणि कसं भरायचं?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी, ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न या ओतीव लोखंडाच्या दोन प्रकारांची कास्टिंग, बहुतेक माल पुणे-चाकणच्या बाजूला जातो. हिशेब आणि क्वालिटीची कागदपत्रं मी बघते.

आमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाकडून (शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे, नाव घेत नाही) एक एक्सेल फाइल आली आहे. वीज किती, डिझेल किती, स्कोप एक (आपल्या आवारात जळलेल्या इंधनाचा कार्बन) किती, स्कोप दोन (विकत घेतलेल्या विजेचा कार्बन) किती, पाणी कुठून घेता, कुठे सोडता, कचऱ्याचे प्रकार, अपघात, एकूण पगारात बायकांच्या पगाराचा वाटा. महिनाअखेरीपर्यंत भरून पाठवा, नाहीतर पुरवठादार म्हणून तुमच्या गुणांकनावर परिणाम होईल, असं सोबतच्या मेलमध्ये आहे. मोजायचं कसं याबद्दल एक ओळ नाही.

पाठोपाठ एका सल्लागाराचा फोन. "मॅडम, फक्त उलाढाल आणि टनेज सांगा, बाकीचे आकडे आम्ही बसवतो." शेजारच्या काही जणांनी त्याच्याकडून भरूनही घेतलं.

मला तसं करायचं नाही. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला हायवेवर पुराचं पाणी आलं तेव्हा तयार माल शेडमध्ये पडून होता आणि गाड्या रस्त्यात अडकल्या होत्या. ज्या कारणासाठी हे अहवाल निघाले ते कारण आमच्या दाराशी आलेलं आहे. त्यात बसवलेले आकडे घालायला हात धजत नाही. पण खरे आकडे काढायचे तर सुरुवात कुठून? हे भरणं कायद्याने आमच्यावर बंधनकारक आहे का? आणि एवढं सगळं केल्यावर आमच्या पदरात काय पडतं? ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

ताळेबंद

आधी कायद्याचं सांगतो. मी सीए आहे, अशा अहवालांच्या तपासणीचं काम करतो.

शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी, तिने मे २०२१ मध्ये बीआरएसआर नावाचा नमुना आणला, म्हणजे कंपनीने आपल्या सामाजिक आणि पर्यावरणीय जबाबदारीचा दरवर्षी द्यायचा अहवाल. पहिलं वर्ष ऐच्छिक होतं. २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना तो सक्तीचा झाला. जुलै २०२३ मध्ये त्यातले ताडून बघता येतील असे आकडे वेगळे काढले. त्याला बीआरएसआर कोअर म्हणतात. हरितगृह वायू, पाणी, ऊर्जा, कचरा, कामगारांची सुरक्षितता, स्त्रियांचं वेतन, छोट्या उद्योगांकडून खरेदी, ग्राहक-पुरवठादारांशी व्यवहार आणि व्यवहारांचा खुलेपणा असे नऊ विषय त्यात येतात. या आकड्यांची बाहेरच्या माणसाकडून तपासणी पहिल्या १५० कंपन्यांपासून सुरू झाली आणि २०२६-२७ मध्ये ती पूर्ण १००० पर्यंत पोचते.

तुमच्याकडे फाइल आली ती 'मूल्यसाखळी' या कलमामुळे. पहिल्या २५० कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांचे आणि ग्राहकांचेही हेच आकडे द्यावेत अशी अपेक्षा होती. त्यावर उद्योगांनी बरीच ओरड केली. मार्च २०२५ च्या परिपत्रकाने ते एक वर्ष पुढे ढकललं, ऐच्छिक केलं, आणि ज्यांचा वाटा त्या कंपनीच्या खरेदीत किंवा विक्रीत मूल्याने २ टक्के किंवा त्याहून जास्त आहे तेवढेच भागीदार धरायचे असं ठरलं.

म्हणजे सेबीचा हुकूम तुमच्यावर चालत नाही. तो तुमच्या ग्राहकावर चालतो. तुम्हाला जे आलंय ते ग्राहकाचं मागणं आहे, आणि एवढ्या मोठ्या कंपनीच्या खरेदीत एका फाउंड्रीचा वाटा २ टक्के असणं कठीणच. तरीही बऱ्याच कंपन्या सरसकट सगळ्यांना फाइल पाठवतात, कारण त्यांनी स्वतः 'नेट झीरो'चं, म्हणजे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचं, वर्ष जाहीर केलेलं असतं आणि पुरवठादारांचे आकडे नसले तर त्या घोषणेला पाया राहत नाही. भरू नका असं मी म्हणणार नाही. फक्त "कायद्याने तुम्हाला द्यावंच लागेल" असं कुणी म्हणालं तर परिपत्रकाचा आधार मागा, लेखी.

कुपोला

पोरी, तू विचारलंस ते बरं केलंस. माझा जन्म फाउंड्रीत गेला, आता निवृत्त आहे. आधी हे समजून घे की निम्मे आकडे तुझ्याच फायलीत पडलेत. सल्लागार काही आकाशातून आणत नाही.

महावितरणची बारा बिलं काढ. युनिटांची बेरीज कर. ग्रिडच्या एका युनिटामागे किती कार्बन डायऑक्साइड धरायचा तो आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी जाहीर करतं, साधारण ०.७ किलोच्या आसपास असतो. ज्या वर्षाचा आकडा घेतलास ते वर्ष शेजारी लिही. झाला तुझा स्कोप दोन.

जनरेटरचं आणि फोर्कलिफ्टचं डिझेल, लॅडल (वितळलेलं लोखंड ओतायचं भांडं) तापवायचा एलपीजी, हे तुझ्या आवारात जळतं. ते स्कोप एक. डिझेलच्या लिटरला सुमारे २.७ किलो, एलपीजीच्या किलोला सुमारे ३ किलो धर. कोळशावर चालणारी कुपोला भट्टी असती तर तो कोळसा यात आला असता आणि आकडा फुगला असता.

उदाहरण देतो. समजा वर्षाला २० लाख युनिट वीज आणि १२,००० लिटर डिझेल. विजेचे १४०० टन कार्बन डायऑक्साइड, डिझेलचे ३२ टन. बघ म्हणजे कुठे लक्ष द्यायचं ते. लोक जनरेटरवर चर्चा करत बसतात आणि भट्टीकडे कुणी बघत नाही. आता वर्षाला १६०० टन चांगलं कास्टिंग विकलं असेल तर टनामागे ०.९ टनाच्या जवळ बसतं. त्या ग्राहकाला ४८० टन गेलं असेल तर त्याच्या वाट्याचे सुमारे ४३० टन. त्याला हाच आकडा द्यायचा. अख्ख्या कारखान्याचा आकडा एका ग्राहकाच्या नावावर लावायचा नाही, नाहीतर तीन ग्राहकांनी तीनदा मोजला असं होईल.

पाणी, कचरा आणि वाळूचं काय म्हणशील तर प्रदूषण मंडळाला दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत देतेस तो फॉर्म पाच काढ. पाणी, कच्चा माल, घनकचरा सगळं त्यात आहे. दोन ठिकाणी दोन आकडे गेले तर पुढे अडचण तुलाच.

भागधारक

मी उद्योजक नाही. थोडे शेअर आहेत आणि वार्षिक अहवाल वाचायची सवय आहे. या धाग्यावर एक बाजू मांडायची आहे.

अहवाल वाचताना मला सगळ्यात जास्त खटकतं ते उलाढालीच्या रुपयामागे मोजलेलं उत्सर्जन. मालाचे भाव वाढले की उलाढाल वाढते, चिमणीतून तेवढाच धूर गेला तरी रुपयामागचा आकडा खाली येतो, आणि अहवालात हिरव्या रंगाचा उतरता आलेख छापला जातो. टनामागचा आकडा आणि एकूण आकडा दोन्ही शोधून काढल्याशिवाय मी आता कुठल्याच आलेखावर विश्वास ठेवत नाही.

त्याहून मोठी गोष्ट या धाग्याशी थेट जोडलेली आहे. एखाद्या कंपनीने स्वतःची फाउंड्री बंद केली आणि कास्टिंग बाहेरून घ्यायला सुरुवात केली की तिचा स्कोप एक आणि दोन झपकन खाली येतो. लोखंड तेवढंच वितळतं, फक्त दुसऱ्याच्या आवारात. तो धूर त्यांच्या स्कोप तीनमध्ये, म्हणजे पुरवठादार वगैरे दुसऱ्यांच्या आवारातल्या उत्सर्जनात जातो, आणि बीआरएसआरमध्ये स्कोप तीन ऐच्छिक भागात आहे. रकाना रिकामा ठेवला तरी चालतं. म्हणून पंचगंगाकाठ, तुमचा खरा आकडा त्या अहवालात जाणं मला वाचक म्हणून फार महत्त्वाचं वाटतं. तो गेला नाही तर कंपनी कागदावर स्वच्छ होते आणि शिरोलीची भट्टी कुणाच्याच हिशेबात नसते.

सातपूर_फास्टनर

आमचा प्रश्न थोडा वेगळा. आम्ही बोल्ट आणि स्टड बनवतो, मर्चंट एक्स्पोर्टरच्या, म्हणजे आमचा माल घेऊन निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्याच्या मार्फत जर्मनीला जातात. तिकडून सीबॅमची माहिती मागतात. हे बीआरएसआरच का? एकच फाइल दोन्हीकडे चालेल का?

स्टुटगार्टहून

सातपूर_फास्टनर, दोन्ही वेगळे आहेत, मिसळू नका. मी इथे एका यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या खरेदी विभागात आहे, तुमच्यासारख्यांच्या फायली माझ्याच टेबलावर येतात.

सीबॅम हा युरोपीय संघाच्या सीमेवरचा कार्बन आकार. ऑक्टोबर २०२३ पासून २०२५ अखेरपर्यंत फक्त माहिती द्यायची होती. १ जानेवारी २०२६ पासून पैशाचा भाग सुरू झाला. पैसे इथला आयातदार भरतो, पण तो किंमत ठरवताना ते तुमच्याकडून वळते करून घेणार हे उघड आहे. सिमेंट, खत, लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, हायड्रोजन आणि वीज एवढ्याच गोष्टींना तो लागतो, आणि लागतो की नाही ते मालाच्या सीमाशुल्क क्रमांकावर ठरतं. नट-बोल्ट ७३१८ मध्ये येतात, म्हणून तुम्हाला लागतो. पाइपचे जोड ७३०७ मध्ये, त्यांनाही लागतो. पण गाडीचे सुटे भाग म्हणून ८७०८ खाली जाणारं कास्टिंग मूळ यादीत नाही. यादी पुढे वाढवायच्या हालचाली चालू आहेत, तेव्हा निर्धास्त राहू नका. पहिलं काम म्हणजे एक्स्पोर्टरकडून शिपिंग बिलावरचा क्रमांक मागून घ्या. अनेकांना आपला माल कुठल्या क्रमांकाखाली जातो हेच ठाऊक नसतं.

वर्षाला एकूण ५० टनांपेक्षा कमी सीबॅमचा माल आणणाऱ्या आयातदाराला आता सूट आहे. तुमचा आयातदार छोटा असेल तर प्रश्नच मिटला.

आणि मोजण्याची पद्धतही निराळी. बोल्टसाठी तुमच्या कारखान्यातल्या विजेपेक्षा तुम्ही घेतलेली तार किंवा सळई कुठून आली हे इथे निर्णायक ठरतं. झोतभट्टीच्या लोखंडापासून झालेलं पोलाद आणि भंगार वितळवून झालेलं पोलाद यांच्यात टनामागे मोठं अंतर आहे. लोखंड-पोलादासाठी सध्या थेट उत्सर्जनावरच आकार आहे, विजेचं अप्रत्यक्ष उत्सर्जन धरत नाहीत. म्हणून तारेच्या पुरवठादाराकडून त्याचा आकडा मिळवा. तो मिळाला नाही तर युरोपने ठरवून दिलेला ठोकळ आकडा लागतो, आणि तो मुद्दाम असा ठेवलाय की खरा आकडा देणाऱ्याचा फायदा व्हावा.

इथल्या बाजूने एक सांगते. दोन पुरवठादारांची किंमत सारखी असेल तर ज्याच्याकडे आकडा आणि त्याचा पुरावा दोन्ही आहे त्याच्याशी काम करणं आम्हाला सोपं जातं. यात दयामाया काही नाही, पण दार त्यामुळे उघडतं हे मी स्वतः पाहते.

सातपूर_फास्टनर

ताई, खूप आभार. तारेचा पुरवठादार मोठा आहे, आमच्यासारख्याला उत्तर देईल का शंका आहे. विचारतो.

ताळेबंद

विचाराच. पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये 'ग्रीन स्टील' कशाला म्हणायचं ते ठरवलंय. तयार पोलादाच्या टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तर ते हरित, आणि त्याच्या खाली तीन, चार, पाच तारे. १.६ च्या खाली पाच तारे. त्यामुळे मोठ्या गिरण्यांना आता आपला आकडा मोजावाच लागतोय. आहे ते मागायला संकोच कशाला?

सोलापूरचा_पंचा

आमच्याकडे टॉवेल. परदेशी खरेदीदार आमच्याकडे हे सगळं बऱ्याच आधीपासून मागतात, आणि प्रत्येकाचा नमुना वेगळा. एकाला वीज युनिटात हवी, दुसऱ्याला मेगाज्युलमध्ये. एकाला आर्थिक वर्ष, दुसऱ्याला कॅलेंडर वर्ष. आमच्या ऑफिसातली मुलगी वर्षातले कितीतरी दिवस तेच आकडे वेगवेगळ्या रकान्यांत हलवत बसायची.

शेवटी आम्ही एक केलं. महिन्यामहिन्याचा एकच मूळ तक्ता ठेवला. वीज, बॉयलरचं इंधन, पाणी, उत्पादन, मस्टर. प्रत्येक आकड्यासमोर बिल क्रमांक. मग कुणी काहीही मागो, तिथूनच निघतं. महिनावार ठेवल्यामुळे आर्थिक वर्ष आणि कॅलेंडर वर्षाचा घोळही संपला. पंचगंगाकाठ, ग्राहकाची फाइल भरण्याआधी हा तुमचा तक्ता बनवा.

बॉयलरवाल्यांसाठी एक सूचना. आम्ही ब्रिकेट जाळतो, म्हणजे शेतातल्या काडीकचऱ्याच्या कांड्या. पुष्कळ जण तिथे सरळ शून्य लिहितात. तसं नसतं. जैविक इंधनाचा कार्बन डायऑक्साइड स्कोपच्या बाहेर पण वेगळ्या ओळीत दाखवायचा असतो, आणि जळताना निघणारा मिथेन व नायट्रस ऑक्साइड स्कोप एकमध्येच येतो. बगॅस जाळणाऱ्या साखर कारखान्यांनाही हेच लागू.

उन्हाळी

सगळे कार्बनवर बोलताय म्हणून लिहितो. त्या फाइलमध्ये अपघाताचा रकाना आहे ना, तो सगळ्यात जास्त खोटा भरला जातो. मी कंत्राटदाराच्या हजेरीवर फाउंड्रीत काम केलंय, फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायला. हात भाजला, डोळ्यात कण गेला, तर खासगी दवाखान्यात नेतात आणि रजिस्टरला काही चढत नाही, कारण माणूस 'आपला' नाही, कंत्राटदाराचा आहे. बीआरएसआरच्या नमुन्यात कायम आणि कायम नसलेले दोन्ही कामगार मोजायचे आहेत, अपघाताचं प्रमाण दर दहा लाख मनुष्यतासांमागे काढायचं आहे. त्यामुळे कंत्राटी माणसांचे तास आणि कंत्राटी माणसांची दुखापत दोन्ही आत यायला हवेत.

उष्णतेचं तर कुणी विचारतच नाही. एप्रिल-मेमध्ये भट्टीच्या शेजारी उभं राहून पोअरिंग करणाऱ्या माणसाच्या अंगावर हवामानबदल सगळ्यांच्या आधी येतो. तक्त्यात रकाना नसला तरी दुपारची पाळी मागेपुढे करा, पाण्याची सोय भट्टीजवळ करा, पंखे लावा. आणि केलंत तर टिपणीत तसं लिहा. ग्राहकाला कळू दे की इथे माणसं काम करतात.

पंचगंगाकाठ

उन्हाळी दादा, तुमचं लिहिणं वाचून मी लगेच कंत्राटदाराचं मस्टर मागवलं. त्यांचे तास आमच्या हिशेबात खरंच धरलेले नव्हते. आता धरणार, आणि रजिस्टर एकच ठेवणार.

कुपोला काका, बिलांची बेरीज झाली. चित्र तुम्ही म्हणालात तसंच, विजेपुढे बाकी सगळं किरकोळ. आता दोन शंका. छतावर सोलर बसवायचा विचार चाललाय, त्याने हा आकडा किती खाली येईल? आणि दुसरी शंका जास्त छळते आहे. मी खरा आकडा दिला आणि शेजारच्याने बसवून घेतलेला आकडा माझ्यापेक्षा कमी दिसला, तर ऑर्डर त्याच्याकडे जाईल. मग खरं वागून मी आमच्या कामगारांचंच नुकसान केलं असं होईल ना?

रानजाई

हाच प्रश्न माझ्या मनात होता. खरं सांगणाऱ्याला दंड आणि खोटं सांगणाऱ्याला बक्षीस मिळणार असेल तर ही सगळी यंत्रणा उलटीच काम करेल.

कुपोला

दुसऱ्या शंकेचं आधी. बसवलेला आकडा लोखंड ओळखणाऱ्या माणसापुढे टिकत नाही. लोखंड वितळवून ओतण्याजोगं गरम करायला भट्टी कितीही चांगली असली तरी टनाला ३५० च्या वर युनिट निव्वळ उष्णतेला लागतातच, ते पदार्थविज्ञान आहे. प्रत्यक्षात बहुतेक भट्ट्यांना साडेपाचशे ते साडेसहाशे लागतात. त्यावर मोल्डिंग, सँड प्लँट, कॉम्प्रेसर, शॉट ब्लास्टिंग. कुणी चांगल्या कास्टिंगच्या टनामागे एकूण ४०० युनिट दाखवले तर तपासणाऱ्याने तिथेच बोट ठेवावं. तू तुझा आकडा देताना टनामागची युनिटं वेगळी लिहून दे. म्हणजे ग्राहकाच्या इंजिनियरला दुसऱ्यांच्या फायली तपासायला मापच मिळेल.

आता सोलरच्या आधी माझं एक ऐक. भट्टीत शंभर किलो वितळवलंस तर विकण्याजोगं कास्टिंग साठ-सत्तर किलोच निघतं. बाकी रनर, रायझर (साच्यात धातू नेणाऱ्या आणि पुरवणाऱ्या वाटांत गोठलेलं लोखंड) आणि रिजेक्शन होऊन परत भट्टीत जातं. ते भंगार वाया गेलं नाही असं आपण म्हणतो, पण त्याला वितळवायला लागलेली वीज गेली ती गेलीच. यील्ड, म्हणजे हे विकण्याजोगं प्रमाण, साठवरून पासष्टवर आणलं तर दर चांगल्या टनामागे सुमारे ७५ युनिट वाचतात. १६०० टनांवर सव्वा लाख युनिटांच्या जवळ जातं, म्हणजे ऐंशीच्या वर टन कार्बन. त्याला पॅनेल लागत नाही. गेटिंगचं, म्हणजे साच्यात धातू शिरायच्या वाटांचं, डिझाइन बदलायला लागतं, वाळूची ओल रोज तपासायला लागते, आणि धातू तयार असताना साचे तयार नाहीत म्हणून भट्टी धरून ठेवायची सवय मोडायला लागते. भट्टीवर झाकण ठेवा. माझ्या काळात आम्ही हे पैशासाठी करायचो. आज त्याच कामाला कार्बनचा रकाना आहे एवढाच फरक, पण त्या रकान्यामुळे मालक लोक ऐकायला लागलेत याचा मला मनापासून आनंद आहे.

ताळेबंद

काकांच्या मुद्द्याला माझं पूर्ण अनुमोदन. अहवाल तपासताना मी आता उत्पादनामागची वीज पहिल्यांदा बघतो.

सोलरबद्दल: छतावर तयार झालेली आणि तुम्हीच वापरलेली वीज शून्य धरता येते, पण तिचे युनिट एकूण ऊर्जेत दाखवायचेच असतात, नवीकरणीय या रकान्यात. तिची प्रमाणपत्रं विकलीत तर मात्र ती हरित वीज तुमची म्हणता येणार नाही, ती विकत घेणाऱ्याची झाली. महावितरणला जादा दर भरून हरित वीज घेतलीत तर त्यांचं प्रमाणपत्र जपून ठेवा. स्कोप दोनचे दोन आकडे असतात, एक ग्रिडच्या सरासरीने आणि दुसरा तुम्ही केलेल्या खरेदीच्या कराराने. कुठला दिलात ते स्पष्ट लिहा. अनेक अहवालांत एक वर्ष एका पद्धतीने आणि पुढचं वर्ष दुसऱ्या पद्धतीने मोजून घट दाखवलेली असते.

आता पदरात काय पडतं, या पहिल्या प्रश्नाकडे. कोअरमधल्या नऊ विषयांत ग्राहक-पुरवठादारांशी न्यायाने वागणं हा एक विषय आहे, आणि त्यात कंपनीला आपण देणी सरासरी किती दिवसांत चुकवतो ते जाहीर करावं लागतं. छोट्या उद्योगांकडून किती खरेदी करतो तेही. तुमच्या ग्राहकाचा अहवाल त्यांच्या संकेतस्थळावर आहे. तो उघडा आणि तो आकडा तुमच्या स्वतःच्या येण्याशी ताडून बघा. एमएसएमई कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर आयकराच्या ४३ब कलमामुळे त्या वर्षात त्यांना तो खर्चही धरता येत नव्हता, म्हणून मोठ्या कंपन्या याबाबतीत आता जाग्या आहेत. आकडे मागणाऱ्याचेही आकडे असतात. तुम्ही त्यांना विजेची बिलं दाखवताय, तर पैसे कधी येतात हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

भागधारक

ताळेबंद, हा मुद्दा इतका स्पष्ट मी कुठे वाचला नव्हता. एक भर घालतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये खोट्या हरित दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. जाहिरातीत 'पर्यावरणस्नेही' लिहायचं तर पुरावा हवा. मोठी कंपनी पुरवठादारांच्या आकड्यांवर असा दावा उभा करणार असेल तर त्या आकड्यांमागे कागद असणं तिच्याच हिताचं आहे.

स्टुटगार्टहून

पंचगंगाकाठ, पुराबद्दल तुम्ही लिहिलंत त्यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. हवामानाच्या अहवालाला दोन बाजू असतात. आपण हवेत काय सोडतो ही एक, आणि बदललेलं हवामान आपल्या धंद्याचं काय करतं ही दुसरी. जून २०२३ मध्ये आलेल्या कंपन्यांच्या हवामानविषयक अहवालाच्या आंतरराष्ट्रीय आयएफआरएस एस-२ मानकात ही दुसरी बाजू सविस्तर मागितली आहे: कारखाना कुठे आहे, पूर आला तर काय, किती मालमत्ता धोक्यात. तुमच्या ग्राहकाच्या फाइलमध्ये बहुधा त्याचा रकाना नसेल. तुम्ही स्वतः लिहून द्या. पूर आला तेव्हा रस्ता कधी बंद झाला, किती माल अडकला, आता जादा साठा कुठे ठेवता, वीज गेली तर भट्टीतल्या धातूचं काय करता. आमच्याकडे जेव्हा एखाद्या पुरवठादाराचं असं टिपण येतं तेव्हा ते खरेदीच्या बैठकीत आवर्जून वाचलं जातं, कारण आमची लाइन थांबते ती अशाच गोष्टींनी.

पंचगंगाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आज हे पाठवतेय. स्कोप एक आणि दोन, आमच्या पद्धतीच्या टिपणीसह. त्यांच्या वाट्याचा आकडा टनेजवर विभागून. टनामागची युनिटं वेगळी. अपघाताच्या रकान्यात कंत्राटी कामगार धरून. स्कोप तीन भरला नाही, पिग आयर्न (कच्चं लोखंड) आणि भंगाराचे पुरवठादार अजून आकडे देत नाहीत असं तिथे लिहिलं आहे. अंदाज घातला नाही. सोबत पुराचं टिपण जोडलं.

पत्रात तीन गोष्टी मागितल्या आहेत. सगळ्या फाउंड्रींना मोजण्याची एकच लेखी पद्धत द्या. टनामागच्या युनिटांवर आलेल्या फायली तुमच्या इंजिनियरकडून तपासून घ्या. आणि अहवालात दाखवलेले देण्याचे दिवस व आमच्या बिलांचे दिवस यात अंतर का आहे ते कळवा.

शेजारच्या दोन फाउंड्रींशीही बोलले. एकाने सल्लागाराची फाइल मागे घेऊन स्वतःची बिलं काढायला घेतली आहेत. सोलापूरच्या पंचांनी सांगितलेला महिनावार तक्ता आम्ही दोघांनी सारखाच ठेवायचं ठरवलं, आणि तो इथल्या उद्योजकांच्या बैठकीत मांडणार आहोत.

कुपोला

छान केलंस. तक्त्यात रिजेक्शनचा रकाना वेगळा ठेव, पार्टनुसार. एकूण आकड्यात तो लपतो. एसजीचं आणि ग्रेचं यील्डही वेगळं काढ, एसजीला रायझर मोठे लागतात.

पंचगंगाकाठ

ठेवते काका. त्यांचं उत्तर आलं: मुदत वाढवून दिली आहे आणि पद्धतीची टिपणी पुढच्या महिन्यात सगळ्यांना पाठवू म्हणाले आहेत. बिलांच्या दिवसांबद्दल मात्र त्यांनी अजून काही लिहिलेलं नाही. सोमवारी पुन्हा विचारणार आहे.